मेजर हॅविलची कवळी

"तर्नबुल कुथं आहे?"

मेजर हॅविल तोंडावर रुमाल धरून दारात उभा होता. सकाळचे साडेआठ वाजले होते. बाहेर त्याची मोटर तशीच घरघरत होती. मी पडद्यामागून हात पुसत पुढे आलो, तरी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला, जणू मी दाराची घंटी होतो आणि वाजून झालो होतो.

"मिस्टर टर्नबुल प्रदर्शनाच्या मैदानावर गेलेत," मी इंग्रजीत म्हणालो. "आज ते बैलांचे परीक्षक आहेत."

"बैलांचे?"

"हो. इथे येण्याआधी ते जनावरांच्याच दवाखान्यात होते ना."

हे मी मुद्दाम सांगितलं. मेजरच्या कपाळावर आठी पडली. तीन वर्षं टर्नबुल त्याच्या तोंडात हत्यारं घालत होता आणि त्याआधी तीच हत्यारं कुठे घालत होता, हे मेजरने कधी विचारलं नव्हतं. टर्नबुल गोरा होता, तेवढी पदवी पुरेशी होती.

त्याने रुमाल उघडून पुढे केला. वरची कवळी मधोमध मोडली होती, पुढच्या दोन दातांसकट एक तुकडा गायब होता. पुढचं मला त्याच्या बोलण्यातून जेमतेम कळलं. न्याहारीनंतर व्हरांड्यात उभा राहून तो दुपारच्या भाषणाची तालीम करत होता. एका वाक्यावर त्याने टेबलावर मूठ आपटली, तोंड जरा जास्तच उघडलं, आणि कवळी उडून दगडी फरशीवर पडली. एक तुकडा कुत्र्याने पळवला.

मी हसलो नाही. त्या गावात न हसण्याची मला चांगली सवय झाली होती.

गाव म्हणजे ओल-सेरा, केनियाच्या उंच पठारावरचं. साल एकोणीसशे चौतीस. भोवती मैलोन् मैल गोऱ्यांचे मके, गहू आणि गुरांचे कळप, आणि मधोमध एक लाल मातीचा रस्ता. त्या रस्त्यावर त्यांना हवं ते सगळं मिळे. त्यांच्या साप्ताहिकाचं पहिलं पान नुसत्या जाहिरातींनी भरलेलं असे. लंडनच्या धर्तीचे घोडेस्वारीचे कपडे. मादाम एलॉइझ यांच्या खास पॅरिसच्या टोप्या. पियानो सुरात लावून मिळतील. शवपेट्या, पितळी मुठींसह. यातल्या मादाम एलॉइझ म्हणजे आमच्या गोवेकर कायतान शिंप्याची बायको फिलोमेना. तिने पॅरिस नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. पियानो लावायचा एक सरदारजी सुतार, आणि शवपेट्याही तोच करायचा. माणूस जिवंत असेतो त्याचा सूर लावायचा, मेला की झाकण लावायचं. आणि 'मिस्टर सी. टर्नबुल, वेदनारहित दंतसेवा' म्हणजे मी, मोरेश्वर लोटलीकर.

आम्ही मूळचे सोनार. गिरगावात एका पारशी दंतवैद्याकडे सात वर्षं कवळ्या करायला शिकलो आणि मग आफ्रिकेला गेलो. पण ओल-सेरात गोऱ्या तोंडात हिंदी बोट चालत नसे. म्हणून पुढे खुर्ची टर्नबुलची आणि मागे पडद्याआड कारखाना माझा. दात तो उपटी आणि तोंडाचा साचाही तो घेई, बहुतेक वेळा वाकडा. तो मी अंदाजाने सरळ करी. गिऱ्हाइकाला सांगितलं जाई, की कवळी नैरोबीहून एका स्कॉच कारागिराने पाठवली आहे. ते मला मॉरिस म्हणत. मोरेश्वर त्यांच्या तोंडात मावत नसे, आणि ती तोंडं किती मोठी आहेत ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नैरोबीला पाथवायला वेळ नाही," मेजर म्हणाला. "दुपारी दोनला भाथण आहे."

"नैरोबीला पाठवायची गरज नाही. ही मीच केलीय."

आता त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नंतर रुमालातल्या तुकड्यांकडे. तीन वर्षं तो ज्या दातांनी मटण चावत होता, ते कुणाच्या हातचे होते हे त्याच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. मी तो वेळ त्याला दिला.

"तू?"

"मी. खालचीसुद्धा."

तो खुर्चीत बसला. मग विचारलं, "दोनच्या आत होईल?"

होण्यासारखं होतं. तुकडा हरवल्यामुळे तोंडाचा नवा साचा घ्यावा लागणार होता, त्यावर रबर भरून वाफेवर शिजवायचं, मग घासूनपुसून गुळगुळीत करायचं. साडेचार तासांचं काम. पण मी लगेच हो म्हणालो नाही, कारण दुपारच्या भाषणात काय आहे ते मला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मेजरने ते डेअरीच्या कचेरीत टाइप करायला दिलं होतं, आणि टाइप करणारा कारकून आमच्यातलाच होता. मेजर हॅविल वसाहतवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. शेतकी प्रदर्शनाला सगळा जिल्हा जमणार, गव्हर्नरचा माणूस येणार, आणि त्याच्यासमोर ठराव मांडला जाणार, की हिंदी लोकांना मुख्य रस्त्यावरून उठवून दलदलीपलीकडे हलवावं. दुकानं, घरं, सगळं. दलदलीपलीकडे डासांखेरीज कुणी राहत नव्हतं.

"होईल," मी म्हणालो. "माझी एक अट आहे."

"किती?"

"पैसे नकोत. भाषणाआधी तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं, की तुमचे दात आज सकाळी याच रस्त्यावरच्या मोरेश्वर लोटलीकर नावाच्या हिंदी माणसाने दुरुस्त करून दिले."

तो ताडकन उठला. चेहरा बिटासारखा झाला. मला चाबकाने फोडण्याबद्दल तो काहीतरी म्हणाला, पण दात नसलेल्या माणसाच्या तोंडून चाबूक फार मऊ येतो. दारापर्यंत गेला. मी जागचा हललो नाही.

"जा, साहेब. पण जायच्या आधी ते तुमचं वाक्य एकदा म्हणून बघा. 'स्वच्छ, सुरक्षित, स्वतंत्र वसाहत.'"

इंग्रजीतही त्या घोषणेत असेच सगळे स होते. दाराच्या कडीवर हात ठेवून तो पाठमोरा उभा राहिला. ओठ हलल्याचं मला मागून दिसलं. आवाज आला, "थ्वच्छ... थुरक्थित..."

मग तो परत येऊन बसला.

"थब्द देतो," तो म्हणाला. "हॅविलचा थब्द."

"नाव लिहून देऊ का?"

"लक्थात राहील."

साचा घ्यायला मी मेण गरम केलं, तेव्हा तो म्हणाला, हातमोजे घाल. हातमोजे घालून साचा येत नाही, मी सांगितलं. मग कार्बोलिक साबणाने तीन वेळा हात धू म्हणाला. मी नेहमीसारखा एकदाच धुतला. त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. नांगरटीच्या बैलांना आणि माणसांना सारख्याच आवाजात हाकणारा तो सहा फुटी माणूस, पण त्याची टाळू आतून तान्ह्या मुलासारखी गुलाबी आणि मऊ होती. मी अंगठ्याने मेण दाबलं. त्याच्या बंद डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. ते रागाचं होतं.

मेजरला बाहेर बसवून मी पडद्यामागे आलो.

मागे माझ्या हाताखाली कारियुकी असे. पन्नाशीचा, तिथल्या किकुयू जमातीचा माणूस, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, लोहारांच्या घरातला. रबर शिजवायचा बंब त्याच्या ताब्यात. बंबाच्या झाकणावरचं वाफ मोजायचं घड्याळ आदल्या वर्षीच बिघडलं होतं आणि टर्नबुल नवं मागवतो मागवतो म्हणून विसरला होता. कारियुकी कान लावून नळीतून येणारी शीळ ऐके, नाकाने वास घेई आणि सांगे, आता. त्याचं 'आता' कधी चुकलं नव्हतं. साच्यात रबर दाबून भरणं आणि शेवटी घासून झिलई देणं हेही हळूहळू त्याच्याकडेच गेलं होतं. मला तो फुंडी म्हणे. फुंडी म्हणजे कारागीर. त्याचा चहा माझी बायको सगुणा वेगळ्या टमरेलात घालून मागच्या पायरीवर ठेवी.

मी प्लास्टर ओतलं तेवढ्यात मागच्या दाराने कायतान आत आला. गळ्यात मापाची फीत तशीच. मेजरची मोटर त्याने पाहिली होती.

"मोरू, खरं काय रे? त्याचे दात तुझ्याकडे आलेत?"

मी साचा दाखवला. कायतानने छातीवर क्रूस केला.

"देवाने दिलंय तुझ्या हातात! एक बारीक भेग ठेव. एवढीशी. भाषणाच्या मधोमध उडू दे भायर, गव्हर्नराच्या माणसाच्या मांडीवर. आयुष्यभर लोक हसतील त्याला."

"मी त्याचा शब्द घेतलाय."

मी अट सांगितली. कायतान स्टुलावर बसून माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याच्याकडे उलट्या शिलाईची विजार मागितली होती.

"शब्द! गेल्या नाताळात ह्याच मेजराने माझ्याकडून कोट शिवून घेतला. लोकांना सांगितलं, लंडनहून आला. मी त्याच्या पाठीमागे उभा होतो, दोन हातांवर."

"तेव्हा तू त्याच्याकडे काही मागितलं नव्हतंस."

"आणि तू मागितलंस काय? नाव! घर जातंय, दुकान जातंय, आणि हा नाव मागतोय!" तो कारियुकीकडे वळला आणि स्वाहिलीत म्हणाला, "म्हाताऱ्या, तू तरी शहाणा हो. रबर जरा कच्चं ठेव."

कारियुकी रबराच्या पट्ट्या कापत होता. तो हसला.

"कच्चं राहिलं तर लोक म्हणतील फुंडीला येत नाही," तो म्हणाला.

सगुणा दारात येऊन सगळं ऐकत होती. ती फार बोलत नसे, पण बोलली की कापत असे.

"कशाला त्यांना शिकवता, कायतानबाब? हे चांगलंच करणार. वाईट काम यांना येतच नाही, तोच यांचा रोग. उद्या यमाची कवळी आली तरी हे विचारतील, चावताना कुठे टोचत तर नाही ना."

कायतान हात झाडत निघून गेला.

खरं सांगायचं तर माझ्या मनात भेग ठेवायचं येऊन गेलं होतं. एका जागी रबर पातळ ठेवलं असतं तर पुरे होतं. पण मी डोळ्यांसमोर बघत होतो ते वेगळंच. व्यासपीठ, झेंडे, हजार टोप्या, आणि मेजर हॅविलच्या तोंडून माझं नाव. त्या नावानंतर लोक गप्प होतील. कुणीतरी आपल्या जिभेने आपलेच दात चाचपून बघेल. मग हात वर करून आम्हाला हाकलायचं म्हणताना त्यांना जरा जड जाईल. असं मला वाटत होतं. पस्तिसाव्या वर्षी माणूस इतका मूर्ख असू शकतो.

कारियुकीने रबर भरलं, अंगठ्यांनी दाबलं, साचा पट्ट्यांनी आवळून बंबात ठेवला आणि शेजारी उकिडवा बसला. मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, "झालं का?" तो मान हलवून नाही म्हणे. बाहेर मेजर येरझारा घालत होता. शेवटी कारियुकीने डोळे उघडले. "आता," तो म्हणाला.

एक वाजता मी कवळी मेजरच्या हातात दिली. जोड कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं असतं. त्याने ती बसवली, आरशात पाहिलं, जबडा दोन-तीनदा हलवला.

"स्वच्छ," तो म्हणाला. "सुरक्षित. स्वतंत्र."

एकेक स वस्तऱ्यासारखा निघाला. माझी छाती फुगली. लाज वाटते, पण फुगली.

टोपी घालून तो आभार न मानता गेला.

मैदानावर हिंदी लोकांसाठी एका कडेला दोर बांधून जागा ठेवलेली असे, बैलांच्या गोठ्याला लागून. आफ्रिकी लोक त्याच्याही मागे, तारेच्या कुंपणापलीकडे. मी नवा कोट घालून गेलो होतो. सगुणाही आली होती. दोराजवळ कायतान, फिलोमेना, सरदारजी, सगळा रस्ता उभा होता. मी त्यांना सांगून ठेवलं होतं. नुसतं कानात सांगितलं नव्हतं, छाती काढून सांगितलं होतं.

व्यासपीठावर टर्नबुल छातीला परीक्षकाचा बिल्ला लावून बसला होता, दुपारीच डुलत.

मेजर उभा राहिला. पावसाबद्दल बोलला, मक्याबद्दल बोलला, गव्हर्नरच्या माणसाचं स्वागत केलं. मग थांबला, आणि मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं. दोर पोटाला लागला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "भाषण सुरू करण्याआधी मी एक शब्द दिला आहे आणि तो पाळणार आहे. आज सकाळी माझे दात मोडले. ते मला दुरुस्त करून दिले आपल्या मुख्य रस्त्यावरच्या एका हिंदी माणसाने."

सगुणाने माझी बाही धरली.

"इतकंच नव्हे. मला आज कळलं, की गेली तीन वर्षं माझे दात तोच करतो आहे, आणि तुमचेही." तो थांबला. त्याला थांबायचं कुठे ते चांगलं कळत असे. "तेव्हा कुणी मला विचारलं, की हे लोक किती आत शिरले आहेत, तर आता मी नेमकं सांगू शकतो. सभ्य गृहस्थहो, ते आपल्या तोंडात शिरले आहेत!"

आधी एक हसला. मग सगळं मैदान हसलं. बायका रुमालात हसल्या. कुणीतरी दोराकडे बोट दाखवलं आणि माना वळल्या. ज्यांचे दात मी केले होते ते सगळे मला दिसत होते, कारण ते तोंड उघडून हसत होते. ब्रॅमवेलबाईंची खालची पंक्ती, जुळ्या कॅरुथर्स बंधूंच्या दोन, स्टेशनमास्तरची पुढची चार. सगळं काम चोख होतं.

नंतर त्याने ठराव मांडला. स्वच्छ, सुरक्षित, स्वतंत्र. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. टर्नबुलनेसुद्धा झोपेतून जागा होऊन हात वर केला.

परतताना वळणावर कायतान एवढंच म्हणाला, "शब्द पाळला हां त्याने."

चार वाजता कारखान्यात शिरलो, तेव्हा कारियुकी जमिनीवरचं प्लास्टर खरवडत होता. तोही कुंपणापलीकडून भाषण ऐकून आधी परतला होता. मेजरचं बोलणं तिथल्या कुणीतरी त्याला समजावून दिलं असावं. मी कोट काढून भिरकावला.

"नावसुद्धा घेतलं नाही!" मी सगुणाला म्हणालो, मराठीत, आणि मग कारियुकीसाठी पुन्हा स्वाहिलीत, कारण मला ओरडायला दोन माणसं हवी होती. "एक हिंदी माणूस म्हणाला! मी राबलो, माझ्या हाताचं काम तोंडात घालून उभा राहिला, आणि मी कोण? एक हिंदी माणूस! माझ्या बापाने मला नाव ठेवलं नव्हतं का?"

कारियुकी खरवडत राहिला. मग हातातली पट्टी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "पण फुंडी, ते दात तर मी केले."

"काय?"

"साचा तू घेतलास. रबर मी भरलं, मी शिजवलं, मी घासलं. मेजरला तू कुणाचं नाव सांगितलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर माहिती हवी असल्यासारखं त्याने विचारलं होतं. मी दोन पावलं पुढे गेलो आणि त्याच्या थोबाडीत मारली.

हा हात मी दिवसभर कुणावर तरी उचलायला शोधत होतो. मेजर दोराच्या पलीकडे होता. टर्नबुल व्यासपीठावर होता. हा समोर होता.

कारियुकी उठला. गालाला हात लावला नाही. कमरेचं चामड्याचं फडकं सोडून त्याने त्याची नीट घडी घातली, बंबावर ठेवली, आणि खुंटीवरचा आपला कोट घेऊन मागच्या पायरीवरून उतरून गेला. सगुणा दारात उभी होती.

पुढच्या सहा महिन्यांत आम्ही दलदलीपलीकडे गेलो. टर्नबुलचं बिंग फुटल्यावर तो दुसऱ्या जिल्ह्यात घोड्यांकडे परत गेला. मी पत्र्याच्या खोलीवर स्वतःच्या नावाची पाटी लावली, 'एम. लोटलीकर, कवळ्या'. आणि गंमत बघा, ज्यांनी हात वर केले होते ते सगळे आले. फळीवरून दलदल ओलांडत, बुटाला चिखल लावून घेत, तोंडावर रुमाल धरून आले. हिंदी माणूस शेजारी चालत नव्हता. तोंडात चालत होता. मेजर स्वतः आला नाही, त्याने खालची कवळी नोकराहाती घासायला पाठवली. मी तीही घासून दिली. सगुणा म्हणाली होती तेच खरं, मला दुसरं काही येत नव्हतं.

पण कवळ्या बिघडू लागल्या. नैरोबीहून नवं घड्याळ आणवलं, काटा बरोबर जागी आणून ठेवला, तरी तीनांतली एक कवळी बंबातून पावासारखी भोकं घेऊन निघे. रबर भरण्यात कुठेतरी चूक होती, आणि ती मला सापडत नव्हती. दोन माणसं शिकवून बघितली. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. शेवटी एका सकाळी सायकल काढली आणि चौकशी करत कारियुकीच्या वस्तीवर गेलो. सहा मैलांचा चढ होता.

तो एका झाडाखाली बसला होता. समोर लहानशी भट्टी होती आणि भोवती पाच-सहा बायका, कुणाच्या हातात फुटकं पातेलं, कुणाच्या हातात दांडा निखळलेली कुदळ. त्याने मला पाहिलं. ओंडक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बस."

मी शेवटच्या बाईच्या मागे बसलो. त्याने एकेकीचं काम घेतलं. कुणाचंही घाईने केलं नाही. पाऊण तासाने माझी पाळी आली, तोवर आणखी एक बाई येऊन माझ्यामागे बसली होती.

"काय मोडलंय, फुंडी?" त्याने विचारलं.

माझ्या हातात काहीच नव्हतं.

"कामावर परत ये," मी म्हणालो. "आता दुकान माझं आहे. टर्नबुल नाही. जे मागशील ते देईन."

तो भट्टीतले निखारे सारखे करत होता.

"मी तुझ्याकडे साडेतीन वर्षं होतो," तो म्हणाला. "माझ्या बापाचं नाव काय?"

त्याला मुलं किती, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. चुकलो, एवढा एक शब्द होता. त्याच्या भाषेत मला तो येत होता. बाजारात कुणाला धक्का लागला तरी मी तो म्हणत असे. तो ओठांपर्यंत आला, आणि मागे बसलेली ती बाई आपल्याकडे बघतेय असं मला वाटलं.

कारियुकीने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून त्या बाईला म्हणाला, "आण इकडे."

उतारावर सायकलला पायडल मारावं लागलं नाही. घरी आलो तेव्हा सगुणा तांदूळ निवडत होती.

"भेटला का म्हातारा?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "निरोप ठेवलाय. येणार नाही बहुतेक."

"असतात माणसं," ती म्हणाली. "आपण शिकवायचं, हाताला काम द्यायचं. गरज सरली की ओळख नाही."

"हो ना," मी म्हणालो, आणि बंब पेटवायला आत गेलो.